तिला बेकरीत जाऊ द्या

सांगलीहून एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देते.

"आमच्या पालक संघटनेनं सहा वर्षांपूर्वी १८ वर्षांपुढच्या बौद्धिक अक्षम मुलामुलींसाठी कार्यशाळा सुरू केली. सतराजण येतात, माझा मुलगाही त्यातच आहे. उटणं, पणत्या, फुलवाती, कागदी पिशव्या असं काम चालतं. दिवाळीत ओळखीपाळखीत माल संपतो, पुढे दहा महिने मुलं जवळजवळ बसून असतात. मुलांना महिन्याला तीनशे रुपये मानधन देतो, तेही देणग्यांतून. आता आमच्यातल्या सगळ्यात चुणचुणीत मुलीला गावातल्या एका बेकरीनं पॅकिंगसाठी बोलावलं आहे. तिचे आईवडील घाबरलेत. कमिटी म्हणते, ती गेली तर फुलवातींचं काम बसेल. कोषाध्यक्षांचं म्हणणं, हे धंदा म्हणून चालणारच नाही, देणग्या वाढवू या. मानधन वाढवायचं म्हटलं की म्हणतात, या मुलांना पैशातलं काय कळतं? पुढच्या महिन्यात बैठक आहे. मी काय भूमिका घेऊ?"

ताई, सप्रेम नमस्कार.

आधी त्या मुलीचं बोलू, कारण तुमची बैठक लांबली तरी बेकरीवाला थांबणार नाही. तिला जाऊ द्या.

कमिटीचं म्हणणं मी दोनदा वाचलं. त्यात काळजी आहेच, पण सहा वर्षांत लागलेली सवयही आहे. ज्याचा हात चालतो त्याच्याकडे काम सरकवायचं, म्हणजे ऑर्डर वेळेवर जाते. अशानं एका मुलीवर सगळी भिस्त येते आणि बाकीचे सोळा जण तिच्याकडे बघत बसतात. फुलवातींचं काम ती गेल्यानं बसणार असेल, तर ते इतरांना शिकवायचं राहून गेलंय, एवढाच त्याचा अर्थ. त्यासाठी तिला अडवून ठेवणं हा तिच्यावर अन्याय आहे, मग तो कितीही मायेनं केलेला असो. आणि तिची जागा रिकामी झाली तरच तिच्या शेजारी बसणाऱ्याला पुढे यायला वाव मिळेल.

पत्रात एक गोष्ट मला सापडली नाही. मुलीचं स्वतःचं काय म्हणणं आहे? नुसतं "जाशील का?" विचारून उपयोग नाही, न पाहिलेल्या जागेला कुणीही "नको" म्हणेल. दुपारच्या निवांत वेळी तिला बेकरीत घेऊन जा. अर्धा तास बसू द्या. खारीचे पुडे कसे भरतात, पिशवीचं तोंड मशीनवर कसं बंद करतात ते बघू द्या, चार पुडे तिला भरू द्या. मग विचारा.

तिचे आईवडील म्हणतील, अजून थोडी तयार होऊ दे. जगभर पूर्वी असंच चालायचं. आधी वर्षानुवर्षं प्रशिक्षण, मग कधीतरी नोकरी, आणि ते "कधीतरी" बहुतेकांच्या वाट्याला आलंच नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेत उलटी पद्धत रुजली. माणसाला आधी प्रत्यक्ष कामाच्या जागी न्यायचं आणि तिथेच, सोबत एक शिकवणारं माणूस देऊन, काम शिकवायचं. या माणसाला जॉब कोच म्हणतात. बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसाला एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी वापरणं जड जातं. तुमच्या शांत टेबलावर पॅकिंग पक्कं झालेली मुलगी बेकरीतल्या संध्याकाळच्या गर्दीत गोंधळू शकते. त्या गर्दीत कसं वागायचं, हे तिला त्या गर्दीतच शिकता येईल.

म्हणून तुमच्या विशेष शिक्षिकेला पहिले काही आठवडे तिच्यासोबत पाठवा. सुरुवातीला पूर्ण वेळ शेजारी, मग थोडी लांब, मग दिवसातून एक फेरी, मग आठवड्यातून एक. घर ते बेकरी हा रस्ता वेगळा शिकवावा लागेल. बस चुकली तर काय करायचं, फोन कुणाला लावायचा, हे बोलून होणार नाही, मुद्दाम एकदा बस चुकवून करून घ्या.

बेकरीवाल्याशी बोलताना संकोच करू नका, तुम्ही उपकार मागायला जात नाही आहात. कामाचे तास ठरलेले हवेत. तिला रोज काम सांगणारी व्यक्ती एकच हवी, आज मालक, उद्या भाऊ, परवा कारागीर असं नको. आसपास आणखी बायका कामाला आहेत का आणि स्वच्छतागृह कसं आहे, ते स्वतः बघून या. तिथल्या पॅकिंगच्या इतर बायकांना जो पगार आहे तोच तिला, हेही आधीच बोला. तास कमी असतील तर त्या प्रमाणात कमी चालेल. "मानधन देऊ, तेवढंच तिचं मन रमेल" असं ते म्हणाले, तर दुसरी बेकरी शोधा. आणि सहा महिने कार्यशाळेतली तिची जागा राखून ठेवा. परत यायचा रस्ता मोकळा आहे हे दिसलं की आईवडिलांची निम्मी भीती जाईल.

आता दहा महिने बसून राहणाऱ्या सोळा जणांविषयी.

तुमचा माल दिवाळीत खपतो, कारण दिवाळीत लोकांना काहीतरी चांगलं केल्यासारखं वाटायला हवं असतं. मला अशा खरेदीबद्दल तक्रार नाही, पण त्यावर सतरा माणसांचा रोजगार उभा राहत नाही. फेब्रुवारीत उटणं कुणाला लागतं? पण फुलवाती रोज लागतात. देवळं, पूजासाहित्याची दुकानं, चातुर्मासात तर घरोघरी. कागदी पाकिटं औषधांच्या दुकानांना आणि बेकऱ्यांना बारा महिने लागतात. राज्यात २०१८ मध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आल्यापासून ती मागणी वाढलीही आहे. या दोन वस्तूंवर वर्ष काढा, उटणं-पणत्यांना दिवाळीपुरतं ठेवा. दहा वस्तू थोड्या थोड्या करणाऱ्या कार्यशाळा मी बऱ्याच पाहिल्या आहेत. प्रदर्शनात त्यांचं टेबल भरलेलं छान दिसतं, पण एकाही वस्तूत हात बसत नाही आणि एकाही दुकानदाराला दर महिन्याचा शब्द देता येत नाही.

माल मात्र चोख हवा. लिज्जतची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करायच्या, त्यातला एक हलका आणि स्वस्त. त्यांना मार्गदर्शन करणाऱ्या छगनबाप्पा पारेखांनी सल्ला दिला की एकच प्रत ठेवा, उत्तम, आणि त्यात कधी तडजोड करू नका. देणगी मागायची नाही, हेही त्या बायकांनी सुरुवातीलाच ठरवलं होतं. तुम्ही घेण्यासारखी आणखी एक गोष्ट म्हणजे तिथली कामाची वाटणी. पीठ शाखेत एकाच पद्धतीनं मळलं जातं, लाट्या घरी न्यायच्या, पापड लाटून वाळवून परत आणायचे, तिथे ते तपासून घेतले जातात. जिथे चूक महाग पडते तो भाग एका ठिकाणी, जाणत्या हातांत ठेवला, आणि हजारो बायकांना घर सांभाळून करता येईल असा भाग त्यांच्याकडे दिला.

तुमच्याकडे हेच करायचं आहे. "अमक्याला फुलवाती येत नाहीत" असं म्हणण्याऐवजी फुलवातीच्या पाकिटाचे टप्पे मोकळे करा. कापूस पिंजणं, वात वळणं, मोजणं, भरणं, चिकटवणं, पेटीत रचणं. वळणं एखाद्याला जमणार नाही, पण मोजणं? तुम्ही म्हणाल, त्याला आकडे येत नाहीत. जाड पुठ्ठ्यावर पन्नास गोल काढा आणि प्रत्येक गोलावर एक वात ठेवायला सांगा. सगळे गोल झाकले गेले की पाकिटाचा माल तयार, आकडा यायची गरज नाही. उटण्याचंही तसंच. इलेक्ट्रॉनिक काट्यावरचा आकडा वाचायला लावण्यापेक्षा नेमकं पन्नास ग्रॅम मावेल असं माप करून घ्या, ते काठोकाठ भरायचं आणि पट्टीनं सपाट करायचं. कागदी पिशवीच्या घडीसाठी टेबलावर लाकडी पट्ट्या ठोकून चौकट करा, कागद तिला टेकवला की घडी जागेवरच पडते. सुताराचं एका दिवसाचं काम आहे आणि त्यानं वर्षभराची कटकट वाचते. शेवटी तपासणी ठेवा आणि खराब पाकीट निर्धास्त बाजूला काढा. मुलांना वाईट वाटेल म्हणून वाकडं पाकीट गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारणं हे मुलांना कमी लेखणं आहे.

पाकिटावर मुलांचा फोटो छापत असाल तर तोही काढून टाका, असं माझं स्पष्ट मत आहे. पुढे वस्तूचं नाव, वजन, किंमत. कुणी बनवलं ते मागच्या बाजूला एका ओळीत. मुंबईत २००९ च्या सुमारास ध्रुव लाक्रा यांनी मिरॅकल कुरियर्स सुरू केली, तिथले कर्मचारी कर्णबधिर होते. मुलं पाकिटं पोचवायची, मुली कार्यालयात वर्गवारी करायच्या. कुरियरच्या कामात पत्ता वाचायचा, जागा शोधायची, सही घ्यायची, बोलायची गरज फारच कमी. ऐकू न येणं जिथे आड येत नाही असं काम त्यांनी हेरलं आणि ती ट्रस्ट म्हणून नव्हे तर कंपनी म्हणून चालवली. गिऱ्हाइकाला त्याचं पाकीट वेळेवर पोचण्याशी मतलब. तुमच्या फुलवाती पूजासाहित्यवाल्याच्या आणि कागदी पाकिटं औषधवाल्याच्या हिशेबात अशीच बसायला हवीत.

कोषाध्यक्षांशी मी निम्मी सहमत आहे. कार्यशाळेचा सगळा खर्च माल विकून कधीच निघणार नाही. पण म्हणून माल विकायचा प्रयत्न सोडायचा आणि देणग्यांकडे वळायचं, हे पटत नाही. गडबड हिशेबाच्या वहीत आहे. एकाच वहीत तुम्ही दोन निराळी कामं मांडत आहात. दोन वह्या करा.

समजा उटण्याची पाकिटं भरायला बाहेरचा सराईत कामगार ठेवला, रोज चारशे रुपये, आणि तो दिवसाला शंभर पाकिटं भरतो. पाकिटामागे मजुरी चार रुपये. तुमचा मुलगा तेवढ्याच वेळात चाळीस भरतो. त्यालाही चारशे दिले तर पाकिटामागे दहा रुपये पडतात. वरचे सहा रुपये तुम्ही किमतीत चढवलेत तर दुकानदार माल घेणार नाही. मुलाच्या मजुरीतून कापलेत तर तो उपाशी आणि हिशेब खोटा. ते सहा रुपये, म्हणजे दिवसाचे दोनशे चाळीस, दुसऱ्या वहीत लिहा. विशेष शिक्षिकेचा पगार, रिक्षाचं भाडं, जॉब कोचचे तास, नवीन मुलाच्या शिकण्यात वाया गेलेला माल, सगळं त्याच वहीत. पहिल्या वहीत कच्चा माल, बाजारभावानं मजुरी, वीज, भाडं, विक्री. पहिली वही तोट्यात गेली तर वस्तू, दर किंवा गिऱ्हाईक बदला. दुसरी वही कायम खर्चाचीच राहणार, तिच्यासाठी देणगीदाराकडे मान वर करून जा आणि नेमका आकडा सांगा.

हे मी मनानं सांगत नाही. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि तिच्यातूनच पुढे स्वच्छ ही कचरावेचकांची सहकारी संस्था निघाली. २००८ मध्ये तिचा पुणे महापालिकेशी करार झाला. घरोघरचा कचरा गोळा करणाऱ्या बायकांची कमाई घरांकडून येणाऱ्या मासिक शुल्कातून आणि भंगाराच्या विक्रीतून. देखरेख, समन्वय, साधनं यांचा खर्च महापालिकेनं उचलायचा. कष्टाचा मोबदला गिऱ्हाइकाकडून, संस्था चालवण्याचा खर्च सार्वजनिक पैशातून. इटलीनं तर १९९१ मध्ये असा कायदाच केला. तिथल्या एका प्रकारच्या सामाजिक सहकारी संस्थेत किमान ३०% कामगार अपंग, मनोरुग्ण, व्यसनातून बाहेर पडलेले, शिक्षा भोगणारे अशांपैकी असावे लागतात, आणि त्यांच्यापोटी भरायचा सामाजिक विम्याचा हप्ता सरकार माफ करतं. बाकी त्या संस्था बाजारात इतरांसारख्याच उतरतात.

मोठ्या कंपन्यांकडे जाल तेव्हा हे दोन वह्यांचं गणित कामाला येईल. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठराविक नफ्यावरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २% रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते आणि अपंगांचं रोजगार-प्रशिक्षण त्यात बसतं. तो अर्ज दुसऱ्या वहीसाठी. त्याच इमारतीत खरेदी विभागही असतो, तिथे पहिली वही घेऊन जा. पाकिटं, फाइली, दिवाळीच्या भेटी त्यांना लागतातच. बहुतेक संस्था पहिल्याच दारातून परत येतात.

"मुलांना पैशातलं काय कळतं" हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. इटलीतच, त्रिएस्ते शहराच्या मनोरुग्णालयात, १९७० च्या सुमारापर्यंत रुग्णच झाडलोट आणि स्वयंपाकघरातली कामं करायचे. त्याला उपचार म्हणायचे, म्हणून पगार नव्हता. डॉ. फ्रँको बासालिया तिथे प्रमुख झाले आणि १९७२-७३ मध्ये त्याच रुग्णांची सहकारी संस्था उभी राहिली. झाडू तोच, पण आता करारावर आणि पगारावर. आपल्याकडच्या कित्येक कार्यशाळा अजून त्या आधीच्या टप्प्यात आहेत. सहा वर्षं रोज येऊन माल बनवणारा तिशीतला माणूस प्रशिक्षणार्थी नसतो. शिकण्याचा काळ किती, हे लिहून ठरवा, आणि तो संपला की कामाचे पैसे द्या. नोकर-मालक नातं कुठून सुरू होतं आणि किमान वेतन कुठे लागू होतं, ते कामगार कायदा जाणणाऱ्या वकिलाकडून एकदा समजून घ्या.

पैसा हातात आल्याशिवाय कळत नाही, हे आपल्या बाकीच्या मुलांच्या बाबतीत आपण मान्य करतोच ना? पगाराच्या दिवशी त्यातले पन्नास रुपये रोख मुलाच्या हातात द्या आणि त्याला समोरच्या गाड्यावर स्वतःचा वडापाव स्वतः घेऊ द्या. सुट्टे परत घ्यायला तो शिकेल. काही जण नाही शिकणार. ज्याला सुट्टे मोजता येत नाहीत त्याच्याही श्रमाची किंमत तेवढीच आहे, ती त्याच्या खात्यात जमा झाली पाहिजे.

खात्यावरून काही कागदपत्रांचं सांगते. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, सतरा जणांचं झालंय का ते आधी बघा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या बहुतेक सवलती ४०% किंवा जास्त अपंगत्वावर अवलंबून आहेत. १८ वर्षांनंतर आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडून पालकत्वाचं प्रमाणपत्र मिळतं आणि बँकेत बहुधा तेच मागतात. त्याच न्यासाची निरामय ही एक लाखापर्यंतची आरोग्य विमा योजना आहे, ती घ्या. आणि पगार सुरू करण्यापूर्वी तहसील कार्यालयात एक चौकशी नक्की करा. संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान उत्पन्नाच्या अटीवर मिळतं. तुमच्यापैकी कुणाच्या घरी ते येत असेल तर पगारामुळे काय होईल हे आधी कळलेलं बरं. अनुदान बंद होईल या धास्तीनं पालकच पगार नको म्हणतात, असं मी पाहिलं आहे.

मुंबईत जमलं तर जुहूचं कॅफे अर्पण पाहून या, आणि कोषाध्यक्षांनाही घेऊन जा. यश चॅरिटेबल ट्रस्टनं आधी विकासात्मक अक्षमता असलेल्या प्रौढांबरोबर डबे पुरवण्याचं काम सुरू केलं आणि २०१८ मध्ये कॅफे उघडला. लहान, रोजच्या गरजेच्या कामात हात बसवून मग मोठी जागा घेण्याचा हा क्रम मला फार योग्य वाटतो. तिथे चहा प्या, बिल द्या, आणि काम कसं वाटून दिलंय ते बघा.

बैठकीत सगळं एकदम मांडू नका, लोक बिथरतील. मुलीचा विषय पहिला घ्या आणि तो निर्णय करूनच पुढे जा. मग दोन वह्या, पुढच्या तीन महिन्यांसाठी, फक्त बघण्यापुरत्या. आकडे समोर आले की कोषाध्यक्ष स्वतःच बोलू लागतील. दिवाळीची तयारीही याच बैठकीत हातात घ्या. कंपन्यांच्या भेटींच्या ऑर्डरी गणपतीच्या आसपास ठरून जातात. आषाढातच नमुन्याची पाकिटं आणि छापील दरपत्रक घेऊन दोघातिघांनी खरेदी विभागांच्या फेऱ्या सुरू करा, आणि जाताना कार्यशाळेतल्या एकाला बरोबर न्या. माल त्याला दाखवू द्या.